नथ नसलेली राणी

मास्तर माणसाच्या तोंडाकडे फारसे बघत नसत. माणूस उभा कसा राहतो ते बघत. चाळीत नवे बिऱ्हाड आले की बाकीचे लोक विचारायचे, गाव कोणते, नोकरी कुठे. मास्तर दोन दिवस गप्प राहून तिसऱ्या दिवशी पानावर बसल्यावर सांगायचे, "त्या खालच्या गृहस्थांचा उजवा गुडघा दुखतो. आणि त्यांच्या बायकोने लहानपणी विहिरीचं पाणी पुष्कळ भरलेलं आहे. डाव्या कमरेवर."

सासूबाई म्हणायच्या, "इश्श! परक्या बायकांच्या कमरा कशाला हो बघाव्यात?"

मास्तर मुळीच ओशाळत नसत. "काकू, मी कंबर बघत नाही. भार कुठं पडलाय ते बघतो."

गिरगावात आमच्या चाळीत जिन्याला लागून त्यांची खोली. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. आमच्या घरातल्यांच्याच गावचे, म्हणून दोन्ही वेळचे जेवण आमच्याकडे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचे पान मीच वाढत आले. मला ते "वहिनी" म्हणत. मी त्यांच्याशी चार वर्षांत चार वाक्येही बोलले नसेन. मराठी चौथीपर्यंत शिकले आहे, पण मोठ्या माणसांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मास्तरांच्या बाबतीत एकदाच फुटला, तो काय फुटला ते पुढे लिहीन. ते मी कोणाला सांगितलेले नाही.

ते एका शाळेत चित्रकला शिकवत आणि उरलेल्या वेळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, नदीकाठ. तरुणपणी चित्रशाळेतल्या मुलांबरोबर त्यांना अजिंठ्याच्या लेण्यांत नेले होते, भिंतींवरची जुनी चित्रे कागदावर उतरवून घ्यायला. तीन हिवाळे ते तिथे राहिले. बाकीची मुले थंडीतापाने कावून परत आली. मास्तर आले ते नुसते अंगाने आले असे आमच्या घरातले म्हणत. त्यांच्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात तिथले कागद होते. पावसाळा संपला की ते गॅलरीत दोरीवर एकेक कागद वाळत घालायचे. आमची लुगडी आणि त्या हजार वर्षांपूर्वीच्या राण्या एका दोरीवर. त्या राण्यांच्या अंगावर पुरेसे कपडे नसत, म्हणून सासूबाई मला आत बोलवून घ्यायच्या. मी बोलावल्यावर जायची, पण तोपर्यंत बघून घ्यायची.

"पुरावा?" हा त्यांचा शब्द. कोणी काही म्हटले की मास्तर विचारणार, पुरावा? सासूबाई म्हणाल्या, आज आमटी खारट झाली आहे, तरी पुरावा. एकदा शेजारचे अण्णा म्हणाले, "अहो मास्तर, पूर्वीच्या बायका सात्त्विक होत्या." मास्तर म्हणाले, "पुरावा?" अण्णा म्हणाले, "पुरावा कसला? आमची आजी." मास्तर म्हणाले, "आजीला पाठवा, मी बोलतो त्यांच्याशी." आजी वारून वीस वर्षे झाली होती. अण्णांनी महिनाभर अबोला धरला.

वरळीची एक कोळीण आमच्याकडे मासळी घेऊन यायची. एकदा ती डोक्यावरची पाटी न उतरवताच खालच्या मजल्यावरच्या कोणाशी भाव करत जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. मास्तर शाळेला निघाले होते. तिथेच थबकले, खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाले, "बाई, अशीच उभी राहा. हलू नकोस."

ती म्हणाली, "काय बगतंस रं मेल्या? म्हावरा घेतंस का तुजे डोले फोरू?"

सगळी चाळ हसली. मास्तर मान वर न करता काढत राहिले. "पाच मिनिटं, आई. पाच मिनिटं." तिला आई म्हटल्यावर ती कोळीण जरा मऊ झाली, पण मासळी मास्तरांच्या गळ्यात मारूनच गेली. त्या दिवशी जेवताना मास्तरांनी पापलेटाला हात लावायच्या आधी आम्हाला ते चित्र दाखवले. शेजारी अजिंठ्याचे एक चित्र ठेवले. दोन्ही बायका अगदी एकसारख्या उभ्या होत्या. ते म्हणाले, "राणी म्हणजे काय? डोक्यावर मुकुट. मुकुट म्हणजे ओझं. नाटकातल्या राण्या चालतात कशा? पायात काटा मोडल्यासारख्या. ज्या बाईनं डोक्यावर ओझं वाहिलं आहे, तिची चाल ती राणीची चाल."

हे सगळे त्यांनी अशा घाईने सांगितले की कढी सांडली.

आमच्या चाळीच्या मागे तळमजल्यावर एक मोठी खोली होती. ती एका नाटक कंपनीने मुंबईच्या मुक्कामापुरती भाड्याने घेतली. तिथे तालमी चालत. कंपनीला नवे नाटक करायचे होते, शालिवाहनाच्या घराण्यातल्या कोणा राजाचे. मालक स्वतः राजा होणार होते. मालक गोरे, अंगाने भरलेले, आवाज गोड, आणि मिशी अशी की तिच्यासाठी वेगळा आरसा होता. पडद्याचे काम मास्तरांकडे आले आणि मास्तर पडद्यावर थांबले नाहीत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मालकांना विचारले, "राजा काय घालणार?"

"जांभळ्या मखमलीचा कोट, जर लावलेला. आणि बूट."

"पुरावा?"

"अहो, मागच्या नाटकात घातला होता!"

मास्तरांनी पेटी खाली नेली. दोन आठवडे रोज संध्याकाळी त्या खोलीतून भांडण ऐकू यायचे, पण मालक वाईट माणूस नव्हता. कोट गेला, बूट गेले. राजा धोतर नेसून उघड्या अंगावर शेला घ्यायला तयार झाला. अडले ते मिशीवर. मास्तर म्हणाले, माझ्या एकाही चित्रात राजाला मिशी नाही.

मालक म्हणाले, "मास्तर, माझे वडील अजून दोन वेळा जेवताहेत. ते असताना मी मिशी उतरवू? लोक समाचाराला येतील घरी!"

हे मास्तरांनाही पटले. त्यांनी तोड काढली. मेणात रंग कालवून त्यांनी मालकांची मिशी ओठाला चापून बसवली आणि वरून लेप दिला. लांबून खरोखर दिसेना. तालीम पाहायला आम्ही बायका मागच्या खिडकीशी उभ्या होतो. मालकांनी पहिले पद सुरू केले, दिव्यांची ऊब लागली, आणि दुसऱ्या ओळीला मिशीचे एक टोक सुटून वर आले. तिसऱ्या ओळीला दुसरे. मेण हनुवटीवरून ओघळले. तबलजीचा हात थांबला. मालक गात राहिले, आणि पद संपल्यावर शांतपणे म्हणाले, "मास्तर, राजाला मिशी होती."

मास्तर म्हणाले, "होती." आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

राजाची मिशी सोडली म्हणूनच की काय, राणीच्या बाबतीत ते हटूनच बसले. कंपनीत राणी होणारा नट गोरा आणि नाजूक होता. मास्तरांनी मागितला सदू. सदू मालवणचा, काळा, उंच, आणि तोपर्यंत नुसता दासीचे काम करणारा. पाण्याची घागर घेऊन यायची आणि "आज्ञा, बाईसाहेब" म्हणायचे, एवढेच.

मालक म्हणाले, "राणी काळी?"

"माझ्या चित्रांत आहे. सगळ्यांत मोठी राणी सावळी आहे. कागद दाखवतो."

"अहो, धुरानं काळी झाली असेल!"

"मग शेजारची दासी गोरी कशी राहिली? धूर माणूस बघून बसतो का?"

मालकांनी हात जोडले. सदूला राणी केले. मास्तरांनी त्याला डोक्यावर पाण्याची कळशी देऊन मागच्या अंगणात महिनाभर चालवले. सुरुवातीला पोरे हसायची. नंतर हसेनाशी झाली. चोळीच्या बाबतीत मास्तर नमते झाले, अंगाच्या रंगाची चोळी चालेल म्हणाले. पण डोक्यावर पदर नाही, सफेदा फासलेले तोंड नाही, आणि नथ नाही. नथ तर मुळीच नाही. "एकाही भिंतीवर, एकाही दगडात नथ नाही, वहिनी," असे ते मला एकदा पोळी वाढताना म्हणाले. घरात दुसरे कोणी ऐकायला नव्हते म्हणून मला म्हणाले असतील. "दहा वर्षं शोधतो आहे. नाकात काही घालायची रीतच नव्हती. आणि आपण तर सीतेलाही नथ घालतो." मग म्हणाले, "एकदा तरी लोकांनी खरी राणी बघावी. एकदा बघितली की मग आपोआप सगळे तशीच करतील." एवढेच त्यांना हवे होते. दुसरे काही मागताना मी त्यांना कधी पाहिले नाही.

पहिला प्रयोग रविवारी दुपारचा होता. बायकांची जागा वर, बांबूच्या काड्यांच्या चिकाआड. मी सासूबाईंजवळ बसले होते. दुसऱ्या अंकात राणी आली. सदू आला असे मी लिहू शकत नाही. कानांत मोठी कुंडले, मान सरळ, आणि तोंडाला सफेदा नाही. मी काळी आहे. लग्न ठरवताना माझ्या माहेरच्यांनी "मुलगी सावळी आहे" असे सांगितले होते, आणि तो एक शब्द सासूबाईंनी अजून माफ केलेला नाही. हळदीकुंकवाला जाताना मी तोंडाला पीठ लावून जाते. माझ्या रंगाची बाई राणी म्हणून उभी आहे आणि तो गोरा, मिशीवाला राजा तिच्यापुढे मान वाकवतो आहे, असे मी तोपर्यंत पाहिले नव्हते. चिकाची एक काडी मी बोटाने बाजूला केली, नीट दिसावे म्हणून.

तिसऱ्या अंकात राजा लढाईला निघतो आणि राणी त्याला ओवाळते. राणीने तबक उचलले आणि बायकांत कुजबुज सुरू झाली. नाक मोकळे, गळ्यात मंगळसूत्र नाही, आणि ओवाळते आहे! माझ्यामागच्या बाईने पोर उचलले आणि मोठ्याने म्हणाली, "चल बाई, ही कसली राणी? हिचं तर कपाळ फुटल्यासारखं दिसतंय. नवरा जायचा तो जाणारच!" एक उठली म्हणून चार उठल्या. सासूबाई उठल्या नाहीत, पण पदर तोंडाशी धरून बसल्या. मीही धरला. मी पदराआडून बघतच होते.

दुसऱ्या दिवशी मालक आमच्या घरी आले. आमची स्वारी कचेरीतून नुकतीच आली होती. मालक, मास्तर आणि हे बाहेरच्या खोलीत बसले. मी आणि सासूबाई मधल्या दाराआड. मालक भांडायला आले नव्हते. ते म्हणाले, "मास्तर, पुरुषांना आवडलं. मलाही आवडलं. पण बायका उठून गेल्या. बायका येईनाशा झाल्या तर नाटक पडतं. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

मास्तर म्हणाले, "चार बायका उठल्या. बाकीच्या बसल्या होत्या. बसलेल्यांना कोणी विचारलं?"

"कोणाला विचारणार?"

"या घरातल्या वहिनी होत्या. त्यांना विचारा." आणि मग जे म्हणाले ते मला शब्दशः पाठ आहे. "ती बाई कधी बोलत नाही. जी बोलत नाही ती खोटंही बोलत नाही. त्या म्हणतील ते मला मान्य. त्या म्हणाल्या नथ घाला, तर मी नथ घालीन."

मालक म्हणाले, "झालं तर मग."

यांनी दाराकडे वळून विचारले, "अगं, काल ती राणी तुला कशी वाटली?"

मला दाराच्या फटीतून मास्तरांचे हात दिसत होते. पेन्सिलीने काळी झालेली बोटे त्यांनी गुडघ्यावर जुळवून ठेवली होती. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "सांग की. सगळ्यांना वाटली तशीच." त्यांनी मला धमकी दिली नाही. हातही धरला नाही. मी त्यांच्यावर ढकलू शकत नाही.

मी काय म्हणणार होते? ती मला माझ्यासारखी वाटली, असे? काळी सून दाराआडून म्हणते की राणी माझ्यासारखी! ते हसले असते, असे मला वाटले. कदाचित कोणी हसले नसते.

मी म्हणाले, "विधवा वाटली."

माझा आवाज स्पष्ट आला. इतका स्पष्ट माझा आवाज त्या घरात पूर्वी कोणी ऐकला नव्हता.

मास्तर म्हणाले, "बरं." एवढेच. वाद घातला नाही, पुरावा मागितला नाही. यांनी पानाचा डबा पुढे केला, मास्तरांनी पान घेतले आणि हातातच धरून ठेवले. मालकांनाच कसेसे झाले. ते म्हणाले, "मास्तर, पडदे मात्र तुमचेच राहतील हं."

पुढच्या प्रयोगाला गोरा नट राणी झाला. पैठणी, खोपा, आणि नथ एवढी मोठी की गाताना तो ती एका बोटाने उचलून धरायचा. नाटक फार चालले. सासूबाई मला पुन्हा घेऊन गेल्या. "बघ, आता कशी शोभते!" त्या म्हणाल्या. मी हो म्हणाले.

चार दिवसांनी सदू कुंडले परत करायला मास्तरांकडे आला. त्यांच्या आणि आमच्या खोलीत फळ्यांची भिंत आहे, सगळे ऐकू येते. मी तांदूळ निवडत होते.

"मास्तर, खरा सांगा," सदू म्हणाला, "माका काळो म्हणान काढल्यानी, की नथ नाय म्हणान?"

"नथ नव्हती म्हणून."

"काळो म्हणान नाय मां?"

"नाही रे. तुझ्या रंगाचं कोणी नावही काढलं नाही. चूक माझी होती. मी बायकांना विचारायला हवं होतं, ते आधी विचारलं नाही."

"मगे बरा," सदू म्हणाला. तो खरोखर सुटल्यासारखा बोलला. "माका वाटला, आता जन्मभर घागरच."

नंतर तो पुन्हा घागर घेऊनच यायला लागला. कंपनी पुढे बेळगावकडे गेली, तेव्हा तिच्याबरोबर गेला. पुढचे मला माहीत नाही.

मास्तरांनी त्या वर्षी पावसाळ्यानंतर कागद वाळत घातले नाहीत. जेवायला येत, पण चित्रांचे बोलत नसत. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. तो असता तर मला बरे पडले असते. उलट ते मला मान द्यायला लागले. आमटीत मीठ कमी आहे का असे यांनी विचारले तर म्हणत, "वहिनींना विचारा. त्या सांगतील ते खरं." मी वाढता वाढता आत निघून जायची. मुंबईत गाठीचा ताप आला, चाळ ओस पडली, आम्ही गावी गेलो. परत आलो तेव्हा जिन्याजवळच्या खोलीत दुसरे बिऱ्हाड होते. मास्तर गेले असे कोणी म्हणाले, कोणी म्हणाले लालबागेकडे कुठेतरी आहेत. मी चौकशी केली नाही. मला करता आली असती.

गेल्या महिन्यात सासूबाईंबरोबर ठाकुरद्वाराला गेले होते. तिथे एका लहान देवळाची बाहेरची भिंत रंगवायचे काम चालले होते. शिडीवर एक म्हातारा उभा होता, पाठमोरा. भार उजव्या पायावर, डावा पाय वरच्या पायरीवर नुसता टेकलेला. मास्तर होते. माझी पावले थांबली. सासूबाई पुढे गेल्या, त्यांना आता नीट दिसत नाही.

ते कुंचला बुडवायला खाली उतरले आणि मला पाहिले. पुष्कळ वाळले होते. "अरे, वहिनी! बऱ्या आहात ना? काकू? आणि घरातले?"

मी मान हलवली. मग मला कुठून धीर आला कोण जाणे, मी म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी मी..."

"कोणत्या दिवशी?" आणि लगेच त्यांच्या लक्षात आले. ते हसले. "अहो, त्याचं काय एवढं! उपकारच केलेत. त्या वेडात मी आणखी दहा वर्षं घालवली असती. माझ्या तोंडावर खरं बोलणारं तेव्हा दुसरं कोण होतं?"

पुढून सासूबाईंनी हाक मारली. "अगं, कुठं राहिलीस?"

मी अजूनही बोलू शकले असते. एका वाक्याचे काम होते. ते माझ्याकडे बघत होते, कुंचला धरलेला हात जरा पुढे करून, जसे काही मी म्हणेन ते तिथेच टिपून घेतील. त्यांचे केस पिकलेले होते आणि अंगरखा दोन ठिकाणी शिवलेला होता. ते सुखी दिसत होते. मी म्हणाले, "येते."

"या," ते म्हणाले, आणि शिडी चढले.

कोपऱ्यावरून मी एकदा मागे वळून पाहिले. भिंतीवर सीता होती, गोरी, डोक्यावर पदर घेतलेली. मास्तर तिच्या तोंडाशी अगदी जवळ जाऊन, श्वास रोखून, नथीचा एकेक मोती पांढऱ्या ठिपक्याने बसवत होते.